कामा आणि आल्ब्लेस रुग्णालय : प्रसूतिगृहातील सोबतीचा इतिहास

संस्थेचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे कोनशिला, देणगीदारांची नामावली आणि उद्घाटनास उपस्थित राहिलेल्या लाटसाहेबांचे नाव एवढ्या तीन पायऱ्या चढून वर जाण्याचा आपल्याकडे शिरस्ता आहे. आणि तो मोडण्याचे धाडस प्रस्तुत लेखकास नसल्यामुळे प्रारंभीच नमूद करतो की, मुंबईच्या किल्ल्याबाहेरील एस्प्लनेडच्या मैदानाकाठी, आज छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्थानकापासून हाकेच्या अंतरावर, कामा रुग्णालयाची कोनशिला २२ नोव्हेंबर १८८३ रोजी ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या हस्ते बसविण्यात आली आणि १८८६ मध्ये रुग्णालय सुरू झाले. त्या काळी त्या परिसरात गॉथिक धाटणीच्या दगडी इमारतींचे जणू पीकच आले होते, आणि केवळ कमानी व सज्जे पाहणाऱ्यास ही इमारतही त्यांपैकीच एक वाटेल. परंतु तिच्या जन्माच्या कागदपत्रांत एक अट अशी होती की जी शेजारच्या कोणत्याही इमारतीस लागू नव्हती, आणि या संस्थेचा पुढील सारा इतिहास म्हणजे त्या एका अटीच्या अंमलबजावणीचा इतिहास होय, असे माझे मत आहे. ती अट म्हणजे या रुग्णालयाचा सर्व वैद्यकीय अखत्यार स्त्री-वैद्यांच्या हाती राहील ही.

या अटीचे महत्त्व उमगण्यासाठी त्या काळी मुंबईत बाई बाळंत कशी होत असे हे पाहिले पाहिजे. पहिले बाळंतपण माहेरी करावयाचे ही रूढी. आणि माहेर कोकणात किंवा घाटावर असेल तर सातव्या महिन्यानंतर बोटीने अथवा गाडीने तिची रवानगी होत असे. जिला गावी जाणे शक्य नसे ती गिरगावातल्या वाडीत किंवा परळ-लालबागच्या चाळीतल्या एका खोलीत, एका कोपऱ्याला धोतराचा किंवा लुगड्याचा आडोसा करून, सुइणीच्या हाताखाली बाळंत होई. खोलीला वारा लागू नये म्हणून खिडकी बंद, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, ओवा-शेपाची धुरी, आणि उशाशी आई किंवा सासू, एखादी वडीलधारी शेजारीण, आणि जिच्या हाताला यश आहे अशी ख्याती असलेली सुईण. सुधारकांच्या लेखणीने या सुइणीची जी संभावना केली ती बव्हंशी खरी आहे: तिचे हात अस्वच्छ असत, नाळ कापण्याचे तिचे हत्यार कसले असेल याचा नेम नसे, आणि मूल आडवे आले किंवा वार अडकून रक्तस्राव सुरू झाला म्हणजे नवस बोलण्यापलीकडे तिच्यापाशी उपाय उरत नसे. परंतु या कैफियतीत एक गोष्ट नोंदवावयाची राहून गेली. वेणा सुरू झाल्यापासून सुटका होईपर्यंत ती बाईला सोडून जात नसे. पाठ चोळणे, केस मोकळे करणे, कमरेला आधार देऊन खोलीतल्या खोलीत चालवणे, गरम पाण्याचा घोट पाजणे आणि ‘आता थोडंच राहिलं गं’ हे पन्नास वेळा सांगणे, हे सर्व ती करी. आणि ते शास्त्र नसले तरी निरर्थक खचितच नव्हते.

दुसऱ्या बाजूस शास्त्र होते, परंतु ते पुरुषाच्या हाती होते. ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेले कुशल डॉक्टर शहरात होते. मात्र हिंदू, मुसलमान किंवा पारशी, कोणत्याही घरंदाज कुटुंबातील स्त्री परपुरुषाकडून तपासून घेण्यास राजी नसे आणि तिचे वडीलधारे तर त्याहून नसत. डॉक्टरास बोलावणे गेलेच तर ते सुईण हरल्यावर, दीड-दोन दिवस बाई अडून राहिल्यावर जाई, आणि मग पडद्याआडून नाडी पाहून त्याने काय करावे? शास्त्र आणि सोबत या दोन गोष्टी एकाच व्यक्तीच्या ठायी एकत्र आल्याखेरीज हा पेच सुटणारा नव्हता.

हा पेच ज्यांनी ओळखला त्यांत एक अमेरिकन व्यापारी असावा ही मुंबईच्या स्वभावास साजेशीच गोष्ट म्हटली पाहिजे. जॉर्ज किट्रेज यांचे नाव मुंबईकरांस माहीत असावे ते घोड्यांच्या ट्रामसंबंधी, कारण १८७४ मध्ये शहरात ट्राम आणणाऱ्या कंपनीत त्यांचा भाग होता. हिंदुस्थानास स्त्री-डॉक्टरांची गरज आहे हा विषय इंग्लंडमधील मासिकांत १८८२ च्या सुमारास चर्चिला जाऊ लागला तेव्हा किट्रेज यांनी तो उचलला आणि सोराबजी शापूरजी बंगाली यांना बरोबर घेऊन फंड उभारला. सोराबजी हे नाव गिरणगावाने विशेष आदराने उच्चारावे असे आहे. गिरण्यांतील स्त्रिया व मुले यांच्या कामाचे तास कायद्याने मर्यादित करावेत यासाठी १८७८ मध्ये मसुदा तयार करणारे हेच गृहस्थ; स्वतः व्यापारी वर्गातले असून गिरणीमालकांचा रोष त्यांनी पत्करला होता. या दोघांच्या फंडाने विलायतेहून स्त्री-डॉक्टर आणण्याची तरतूद केली, पेस्तनजी होर्मसजी कामा यांनी रुग्णालयासाठी लाखाची देणगी पुढे केली, सरकारने जमीन दिली, आणि तेथे ती अट आली. सरकारी वैद्यक खात्यात याहून विपरीत असे काही पूर्वी घडले नव्हते. स्त्रियांनी शुश्रूषा करावी यास कोणाचा विरोध नव्हता. स्त्रियांनी हुकूम द्यावा आणि वर पुरुष अधिकारी नसावा, हे पचावयास वेळ लागला.

एडिथ पीची या १८८३ च्या डिसेंबरात मुंबईस उतरल्या. एडिंबरो विद्यापीठात स्त्रियांना वैद्यक शिकू द्यावे म्हणून झगडलेल्या ज्या सात जणी, त्यांपैकी त्या एक. रसायनशास्त्राच्या परीक्षेत अव्वल येऊनही केवळ स्त्री म्हणून शिष्यवृत्ती नाकारली गेल्याचा अनुभव गाठीस बांधून आलेल्या या बाईंस सरकारी खात्याच्या लहरींचे भय वाटण्याचे कारण नव्हते. रुग्णालयाची इमारत पुरी होण्याची वाट न पाहता त्यांनी दवाखाना सुरू केला, आणि पुढे जाफर सुलेमान यांच्या देणगीतून स्त्रिया व मुलांसाठी कायमचा दवाखाना झाला. स्त्रिया येतील की नाही, ही चिंता पहिल्या काही आठवड्यांतच मिटली. इमारत उभी राहिल्यावर त्यांनी परिचारिकांच्या शिक्षणास हात घातला, आणि माझ्या दृष्टीने त्यांच्या कारकिर्दीतील ही सर्वांत दूरदर्शी बाब होय. शस्त्रक्रिया करणारी एक डॉक्टर एका वेळी एकाच खाटेपाशी उभी राहू शकते. रात्रभर वॉर्डात जागणारी शिकलेली बाई तयार केल्याखेरीज रुग्णालय म्हणजे दिवसा चालणारी कचेरीच राहिली असती.

रखमाबाईंच्या खटल्याने मुंबई ढवळून निघाली ती याच वर्षांत. नवऱ्याच्या घरी नांदावयास नकार देणाऱ्या त्या तरुणीस इंग्लंडात वैद्यक शिकता यावे म्हणून पुढाकार घेणाऱ्यांत पीचीबाई होत्या. १८९४ मध्ये डॉक्टर होऊन परतल्यावर रखमाबाईंनी अल्पकाळ कामा रुग्णालयात काम केले आणि नंतर त्या सुरतेस गेल्या. तेथील स्त्रिया रुग्णालयात पाऊल टाकीनात, तेव्हा रखमाबाईंनी एक गाभण शेळी आणून तिचे बाळंतपण रुग्णालयात केले आणि ती सुखरूप सुटली हे दाखवून बायकांची भीती मोडली, अशी आख्यायिका सांगतात. खरी असो वा नसो, तिच्यातले व्यवहारज्ञान गिरगावातल्या कोणत्याही आजीस पटेल असे आहे.

कामा यांच्या इमारतीशेजारी बमनजी एदलजी आल्ब्लेस यांच्या देणगीतून प्रसूतीसाठी स्वतंत्र रुग्णालय उभे राहिले आणि दोन्ही नावे जोडली गेली ती कायमचीच. लोकांनी मात्र आल्ब्लेस हे नाव जिभेवर घेतले नाही. दोन्ही मिळून ‘कामा’च झाले, आणि ‘कामामध्ये नाव घातलंय’ एवढे म्हटले की पुढचे विचारण्याची गरज उरली नाही. पीचीबाईंच्या नंतर ज्यांनी हे रुग्णालय नावारूपास आणले त्या डॉ. ॲनेट बेन्सन यांनी स्त्री-डॉक्टरांना सरकारी नोकरीत रीतसर दर्जा मिळावा यासाठी सातत्याने लिहिले, भाषणे केली, आणि १९०७ मध्ये हिंदुस्थानातील स्त्री-वैद्यांची संघटना उभी करण्यात पुढाकार घेतला.

बेन्सनबाईंच्या हातून बऱ्या झालेल्या रुग्णांपैकी एकीच्या धाकट्या बहिणीविषयी सविस्तर लिहिले पाहिजे. १८९१ मध्ये शिवमोगा येथे एका बेने इस्रायल कुटुंबात जेरुशा जिराड यांचा जन्म झाला. बेने इस्रायल म्हणजे कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके तेल गाळणारे, शनिवार पाळणारे, आणि मराठी बोलणारे यहुदी. जेरुशाबाईंचे शिक्षण पुण्यास झाले. त्या अकरा वर्षांच्या असताना त्यांची थोरली बहीण अत्यवस्थ झाली, तिला कामा रुग्णालयात आणले गेले आणि बेन्सनबाईंनी तिला वाचवले. आपणही डॉक्टर व्हावयाचे, आणि याच रुग्णालयाचे मुख्यपद मिळवावयाचे, असे त्या मुलीने तेव्हाच ठरवले. ग्रँट मेडिकल कॉलेजातून १९१२ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडल्यावर त्यांच्या ध्यानी आले की कामामधील अधिकाराच्या जागांसाठी विलायती पदवी लागते. म्हणजे ज्या संस्थेने पुरुषांची सत्ता नाकारून जन्म घेतला, तिच्याच दारात देशी स्त्रियांना निराळी पायरी होती. ही गोष्ट स्मरणिकेत लिहू नये असे काहींस वाटेल. मला ती लिहिली पाहिजे असे वाटते, कारण जेरुशाबाईंचे कर्तृत्व तिच्यावाचून कळत नाही.

टाटांच्या शिष्यवृत्तीच्या कर्जावर त्या लंडनास गेल्या, महायुद्धाच्या काळात तेथेच राहिल्या, आणि १९१९ मध्ये प्रसूतिशास्त्र व स्त्रीरोगशास्त्रात लंडन विद्यापीठाची एम.डी. मिळवणाऱ्या पहिल्या हिंदी स्त्री ठरल्या. बंगळूर येथील प्रसूतिरुग्णालयात काही वर्षे काढून त्या मुंबईस आल्या आणि १९२८ मध्ये कामा व आल्ब्लेस रुग्णालयाच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी झाल्या. हा हुद्दा त्यांनी १९४७ पर्यंत सांभाळला. स्त्री-वैद्यांच्या अखत्याराची जी अट होती तिचा उत्तरार्ध, म्हणजे या देशातल्या स्त्रीचा अखत्यार, त्यांच्या नेमणुकीने पुरा झाला.

त्यांची एकोणीस वर्षे आणि गिरणगावाची सर्वांत खडतर वर्षे यांचा मेळ पडला. त्यांच्या नेमणुकीआधीच, १९२१ साली, मुंबईतील बालमृत्यूचे प्रमाण दर हजारी सहाशेंच्या वर गेल्याची नोंद आहे. आणि हा आकडा वाचून छाती दडपली तरी त्यात थोडी खोट आहे हेही सांगितले पाहिजे, कारण पुष्कळ स्त्रिया बाळंतपणास गावी जात, जन्म गावच्या दप्तरी लागे, पुढे आई मूल घेऊन गिरणीत परत येई, आणि मूल दगावले की मृत्यू मात्र मुंबईच्या खाती पडे. खोट वजा केली तरी उरते ते भयंकरच होते. बाळंत झाल्यावर किती दिवसांनी साच्यावर उभे राहावयाचे हे शरीर ठरवीत नसे, वाण्याची उधारी ठरवी. आणि मागे राहिलेले मूल रडू नये म्हणून त्याला अफूची बाळगोळी देत. मुंबईच्या कायदे कौन्सिलात आसवले यांनी प्रसूतिसाहाय्याचे विधेयक आणले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ च्या जुलैत त्यास पाठिंबा देताना प्रसूतीच्या आधी आणि नंतर मातेस विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी भूमिका मांडली. १९२९ मध्ये कायदा झाला आणि गिरणीतील बाईस सात आठवड्यांची विश्रांती व दिवसाला आठ आणे मिळण्याची तरतूद झाली. आठ आण्यांची आज कोणी थट्टा करील. ज्या घरात तिच्या मजुरीवाचून चूल पेटत नव्हती, त्या घराने केली नसेल.

परळच्या हाफकिन संस्थेत त्याच सुमारास डॉ. मार्गारेट बाल्फोर यांच्या पुढाकाराने मातांच्या मृत्यूची चौकशी चालू होती. बाल्फोर आणि डॉ. शकुंतला तळपदे यांनी गिरणीकामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी करून १९३० मध्ये ती प्रसिद्ध केली. आणि लूसी विल्स या इंग्रज शास्त्रज्ञाबाईंनी मुंबईच्या गरीब गर्भवतींना ग्रासणाऱ्या पंडुरोगाचा माग काढता काढता १९३१ मध्ये असे दाखविले की, यीस्टच्या अर्काने हा रोग बरा होतो. त्या अर्कातील जो गुणकारी अंश पुढे फोलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला, त्याच्या गोळ्या आज गावोगावच्या आरोग्य केंद्रांत वाटल्या जातात, आणि त्यांचे मूळ परळच्या बायकांच्या रक्तात आहे याची वाटणारीस आणि घेणारीस दोघींसही कल्पना नसते. जेरुशाबाईंनी स्वतः मुंबई शहरातील मातृमृत्यूंच्या कारणांचा शोध घेतला आणि त्यांचा अहवाल १९४१ मध्ये सरकारने छापला. परळला वाडियांचे प्रसूतिरुग्णालय आणि के.ई.एम. ही दोन्ही १९२६ मध्ये सुरू झाल्यामुळे गिरणगावचा भार वाटला गेला होता. तरीही दक्षिणेकडील वाड्या, गोदी, बाजार आणि पुलाखालची वस्ती यांची वाट कामाकडेच होती. १९५० मध्ये देशभरातील प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थांचा महासंघ स्थापन झाला तेव्हा त्याचे पहिले अध्यक्षपद जेरुशाबाईंकडे गेले, आणि १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

डॉक्टरांचा इतिहास लिहिता येतो, कारण त्यांच्या नावाचे अहवाल असतात. प्रसूतीच्या खोलीत ज्यांच्या भरवशावर कारभार चालतो त्या परिचारिका आणि आयाबाई यांचे दप्तर नाही. कोणत्याही सरकारी प्रसूतिगृहात मध्यरात्री पाहावे. ओळीने खाटा, त्यांवर वेगवेगळ्या घटकेच्या वेणा सोसणाऱ्या बाया. एकीच्या पोटावर सिस्टरचा तळहात सपाट ठेवलेला, नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे, कारण कळ किती वेळ टिकते आणि दोन कळांत किती अंतर पडते हे बाईच्या सांगण्यावरून कळत नाही, हाताखाली पोट दगडासारखे घट्ट होते आणि सैल पडते त्यावरून कळते. मग ठोके ऐकण्याच्या नळीचे रुंद तोंड पोटावर आणि दुसरे कानाशी लावून बाळाचे ठोके मोजावयाचे, आणि कळ ओसरल्यावर ते मंदावलेलेच राहतात की पूर्ववत होतात हे पाहावयाचे. पिशवीचे तोंड पुरते उघडण्याआधी बाई जोर करू लागली तर ‘आत्ता जोर नको, तोंडानं श्वास सोड’ आणि वेळ आल्यावर ‘हनुवटी छातीला लाव, खाली जोर दे’ असे सांगावयाचे. आणि हे सांगणारीचा आवाज पहिल्या बाईपाशी जितका खंबीर तितकाच पहाटेच्या अकराव्या बाईपाशी राहिला पाहिजे. तो नेहमी राहतोच असे नाही. खाटा कमी, हात कमी आणि बाया जास्त, अशा ठिकाणी दरडावणे ही व्यवस्थापनाची पद्धत होऊन बसते, आणि बाळंतपणात ऐकलेला कठोर शब्द बाई म्हातारपणापर्यंत विसरत नाही.

या व्यवसायाचा कस पाहणारी एक रात्र या रुग्णालयाच्या वाट्यास आली. २६ नोव्हेंबर २००८ रोजी जवळच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस स्थानकावर संहार करून दोघे अतिरेकी मागील बाजूने आवारात शिरले आणि त्यांनी दोन पहारेकऱ्यांना ठार केले. गर्भवतींच्या वॉर्डात त्या रात्री परिचारिका अंजली कुलथे यांच्या हवाली वीस स्त्रिया होत्या. खिडकीतून खालचा प्रकार पाहताच त्यांनी वॉर्डाची जड दारे लावली आणि त्या विसांना वॉर्डाच्या टोकाच्या लहानशा खोलीत नेऊन बसवले. गोळीबार चालू असताना त्यांतील एकीस, जिचा रक्तदाब आधीच वाढलेला होता, कळा सुरू झाल्या. डॉक्टर येऊ शकत नव्हते. तेव्हा कुलथेबाईंनी तिचा हात धरून, भिंतीच्या कडेकडेने, एक एक पायरी चढत तिला प्रसूतिकक्षात पोहोचवले, आणि तेथे ती सुखरूप बाळंत झाली. पुढे या हल्ल्याच्या खटल्यात न्यायालयात साक्ष देताना त्यांनी आपला गणवेश अंगावर ठेवण्याचा आग्रह धरला. २०२२ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने त्यांचे निवेदन ऐकले. या प्रसंगाची वर्णने शौर्य म्हणून पुष्कळ झाली आणि ती यथार्थ आहेत. परंतु वेणा येणाऱ्या बाईस एकटी सोडावयाची नाही, हा नियम पाळण्यासाठी त्या रात्री जिना चढावा लागला, असेही त्याकडे पाहता येते.

या सोबतीबाबत रुग्णालयांच्या व्यवस्थेकडून, सर्वच रुग्णालयांच्या, एक नुकसान झाले आहे. स्वच्छता आणि शिस्त यांच्या नावाखाली आई, सासू, मावशी यांना प्रसूतिकक्षाच्या दाराबाहेर बाकावर बसवले गेले. सुइणीबरोबर तिची घाण गेली हे उत्तमच. पण तिच्याबरोबर पाठ चोळणारा हातही गेला, आणि तीस खाटांमागे दोन परिचारिका तो हात कोठून आणणार? ग्वाटेमालातील एका रुग्णालयात झालेल्या प्रयोगाचा निकाल १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. पहिलटकरणींपैकी काहींजवळ एक अनोळखी, वैद्यक न शिकलेली स्त्री केवळ सोबतीस बसवली. ज्या एकट्या होत्या त्यांना दाखल झाल्यापासून बाळंत होईपर्यंत सरासरी एकोणीस तासांहून अधिक लागले, सोबत असलेल्यांना नऊ तासांहूनही कमी. त्यानंतर अनेक देशांत झालेल्या चाचण्यांनी सोबतीमुळे शस्त्रक्रियेची गरज घटते हे दाखविले. पन्नास वेळा ‘थोडंच राहिलं गं’ म्हणणाऱ्या सुइणीस हा निकाल ऐकून नवल वाटले नसते.

केंद्र सरकारने २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीणीस आत येऊ देण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोबतीण स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी, तिला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, शेवटपर्यंत तिने थांबावे, डॉक्टर-परिचारिकांच्या कामात ढवळाढवळ करू नये, आणि दुसऱ्या खाटेवरच्या बाईकडे लक्ष देऊ नये, अशी त्यांतील कलमे आहेत. जेथे आडोशाची सोय आहे तेथे नवऱ्यासही मुभा आहे. आडोशाची सोय हीच खरी अडचण. दोन खाटांमध्ये पडदा लावावयाचा म्हणजे जागा लागते, आणि दीडशे वर्षांपूर्वीच्या नकाशावर बांधलेल्या कक्षांत ती काढावी लागते. तथापि एक पडदा आणि एक स्टूल एवढ्यावर जे साधते त्यासाठी नव्या इमारतीच्या मंजुरीची वाट पाहत बसू नये, असे या क्षेत्रातल्या अनुभवी परिचारिकांचे म्हणणे असते. सूचनांप्रमाणे आत येणारी सोबतीण एकच असावयाची. ती आई असावी की सासू, याविषयी परिपत्रक मौन पाळते, आणि हा निकाल केसपेपर काढण्यापूर्वी घरीच लावून यावा हे बरे.